गुलाबी ठोकळा

तो रिकाम्या जागेत येऊन उभा राहतो. डोकं गोलसर, रंग गुलाबी, अंगावर आपणच दिलेलं नाव, आणि पायाखाली काहीच नाही. पिवळा ठोकळा आला की हिरव्या झेंड्यावर टिचकी मारताच खेळ सुरू होतो. निळा आला की पडद्यावरचं मांजर दहा पावलं चालतं. जांभळा आला की ते 'हॅलो' म्हणतं. हा आला की काहीच घडत नाही. तो थांबून राहतो. नाव तुम्ही ठेवलंत, आता त्या नावाचा अर्थही तुम्हीच सांगा, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

स्क्रॅच या मुलांसाठीच्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहायचा नसतो, जुळवायचा असतो. सूचनांचे रंगीत ठोकळे खाचेत खाच बसवत एकाखाली एक लावायचे. स्पेलिंग चुकण्याची भीती नाही, राहून गेलेल्या एखाद्या चिन्हापायी सगळं अडण्याची धास्ती नाही. म्हणून आठ-दहा वर्षांचं मूलही पहिल्याच तासाला मांजर नाचवतं. या ठोकळ्यांच्या यादीत अगदी तळाशी 'माय ब्लॉक्स' नावाचं एक घर आहे. बाकीची घरं भरलेली असतात. हे उघडलं तर आत एकच बटण दिसतं, नवा ठोकळा बनवण्याचं. गुलाबी ठोकळ्याचं घर ते. तुम्ही बनवाल तेव्हाच तो जन्माला येतो. शिकणारी मुलं त्या तळापर्यंत सहसा पोचत नाहीत, आणि शिकवणारेही 'ते पुढचं आहे' म्हणून सोडून देतात. मला वाटतं, त्याची ओळख लवकर व्हायला हवी. प्रोग्रामची रचना नीट ठेवण्याच्या जेवढ्या चांगल्या सवयी आहेत, त्यातल्या बहुतेक या एका ठोकळ्याच्या सहवासात लागतात.

माझी त्याच्याशी खरी ओळख मूलला झाली, जुलैतल्या एका रविवारी.

मूल हे चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. जवळून उमा नदी जाते. गावात राईस मिल, गावाबाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान शेतं, आणि बांध्या संपल्या की जंगल. बहिणीचं घर गावाच्या कडेला आहे. खिडकीतून रोवणी चाललेली दिसत होती. चिखलणी झालेल्या बांधीत बायका ओळीनं वाकून पऱ्हे लावत मागे मागे सरकत होत्या. सातवीतली भाची खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली होती. पावसात इंटरनेटचा भरवसा नसतो, पण स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही. खिडकीतून दिसणाऱ्या बांध्याच ती पडद्यावर काढत होती.

बारा बांध्या होत्या. प्रत्येक बांधीसाठी तिनं आठ ठोकळे लावले होते. ठरलेल्या जागी जा, रेघेचा रंग ठेव, पेन टेकव, दोनदा कर, आणि त्या 'दोनदा'च्या पोटात लांबीभर चाल, काटकोनात वळ, रुंदीभर चाल, पुन्हा काटकोनात वळ. पहिली बांधी झाली तशी तिनं नक्कल करून दुसरी केली, मग तिसरी. बारा आठे शहाण्णव. ठोकळ्यांचा मनोरा पडद्याबाहेर गेला होता आणि चित्रात प्रत्येक बांधीवरून पुढच्या बांधीकडे एक तिरकी रेघ जात होती.

"मामा, ही रेघ काऊन येऊन राहिली?"

कारण सरळ होतं. बांधी पूर्ण झाल्यावर पेन उचललंच नव्हतं. टेकलेल्या पेनानिशी मांजर पुढच्या बांधीकडे जायचं आणि वाटेत रेघ ओढायचं. 'पेन उचल' हा एक ठोकळा हवा होता, पण बारा ठिकाणी हवा होता. तिनं तो मन लावून एकेक करून घातला. झेंड्यावर टिचकी मारली. बाकीच्या रेघा गेल्या, एक राहिली. शहाण्णवाचे एकशेसात ठोकळे झाले होते आणि त्यात न लागलेला एकशेआठवा कुठे हवा होता ते शोधायचं होतं.

नवशिक्याच्या प्रोग्रामचं दुखणं बहुधा असंच असतं. त्याला विचार करता येत नाही असं नाही. विचार एकदाच केलेला असतो, पण तो बारा ठिकाणी सांडलेला असतो. चूकही मग बारा ठिकाणी होते आणि दुरुस्ती एखाद्या ठिकाणी राहून जाते. ठोकळ्यांमागच्या रिकाम्या जागेवर उजवी टिचकी मारली की 'ठोकळे आवरा' अशी एक सोय मिळते. सगळे मनोरे शिस्तीत उभे राहतात. अंगण झाडल्यासारखं छान दिसतं, पण हरवलेला 'पेन उचल' त्यानं सापडत नाही. दिसण्याची शिस्त वेगळी आणि विचाराची वेगळी.

तिचे आजोबा बाजूलाच बसले होते. पडद्यापेक्षा त्यांचं लक्ष बाहेर, धुऱ्यावरून कुठे पाणी फुटतंय का त्याकडे होतं. मी सहज विचारलं, एवढ्या लहान लहान बांध्या कशाला, मधले धुरे काढून एकच मोठी का करत नाही? ते म्हणाले, "जमीन उताराची हाय. एकच केली तं वरचं वाळन न् खालचं बुडन."

धानाला पायाशी पाणी उभं लागतं आणि उतारावर पाणी उभं राहत नाही. म्हणून उतार तोडायचा. थोडीशीच जमीन घ्यायची, ती सपाट करायची, भोवती मातीचा धुरा घालायचा. धुऱ्याच्या आत पाणी सगळीकडे सारखं होतं. बांधीचा आकार जमिनीचा उतार ठरवतो, मालकाची हौस नव्हे. मोठ्या कामालाही उतार असतो. विचार वरून खाली वाहत जातो, सुरुवातीचा भाग कोरडा पडतो आणि शेवटी सगळा गोंधळ साचतो. तेही असंच तोडावं लागतं. एका नजरेत मावेल एवढा तुकडा घ्यायचा, सपाट करायचा आणि भोवती धुरा घालायचा. गुलाबी ठोकळा म्हणजे तो धुरा. त्याला नाव देणं म्हणजे धुरा घालणं.

भाचीनं यादीच्या तळाचं ते बटण दाबलं. नाव काय ठेवायचं? देवनागरीत लिहिता येतं म्हटल्यावर तिनं लिहिलं, 'बांधी काढ'.

नावाच्या बाबतीत गुलाबी ठोकळा हळवा आहे. 'ठोकळा १', 'नवीन', 'अबक' असं काहीही ठेवलं तरी तो निमूट चालतो, पण आठ दिवसांनी तुम्हालाच ओळख देत नाही. तो काय करतो ते नावातच आलं पाहिजे, आणि तो काहीतरी करतो म्हणून नाव क्रियापदाचं असलं पाहिजे. 'बांधी काढ', 'पाणी सोड', 'गुण वाढव'. नाव ठेवताना जीभ अडखळली, 'बांधी काढ आणि बगळा उडव आणि आवाज कर' असं लांबलं, तर समजावं की एका धुऱ्यात दोन-तीन बांध्या कोंबल्या आहेत. त्या वेगळ्या कराव्यात. त्याला एक काम द्यावं. एका कामात तो कधी दगा देत नाही.

वेगळं काढणं आणि नाव देणं यांची किंमत या चंद्रपूर जिल्ह्याला ठाऊक आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, हंगामामागून हंगाम निरखल्या. त्यातून बारीक तांदळाचं एक वाण निघालं. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडलं आणि त्या नावानं ते दूरवर गेलं. लोंब्या ढिगातच राहिल्या असत्या तर त्यांचा गुण ढिगातच विरला असता.

नावाशेजारी गुलाबी ठोकळा लहान लहान रिकाम्या जागा ठेवू देतो. भाचीनं चार ठेवल्या, आडवी जागा, उभी जागा, लांबी, रुंदी. त्याच्या पायाखाली तिनं एकदाच बांधी रचली, शेवटी 'पेन उचल' धरून नऊ ठोकळे, आणि आकड्यांच्या जागी डोक्यावरच्या त्या चार गुलाबी गोळ्या ओढून बसवल्या. आता कामाच्या मनोऱ्यात 'बांधी काढ' बारा वेळा आला, दर वेळी वेगळे आकडे घेऊन. डोक्यासकट दहा आणि हे बारा मिळून बावीस. एकशेआठचे बावीस झाले. मला त्या आकड्याहून मोठी वाटली ती पुढची गोष्ट. धुऱ्यांचा रंग हिरव्याऐवजी मातकट करावा असं तिच्या मनात आलं, तिनं एका ठिकाणी रंग बदलला आणि बाराही बांध्यांचे धुरे मातकट झाले. ती काही बोलली नाही. तिनं रंग पुन्हा हिरवा केला, पुन्हा मातकट केला. हातात काय आलंय ते ती पारखून घेत होती.

त्या रिकाम्या जागा म्हणजे धुऱ्याला मुद्दाम ठेवलेली पाण्याची वाट. पाणी आत येणार ते तिथूनच, सगळ्यांना दिसेल असं. दुसरीही एक वाट असते, खेकड्याच्या बिळाची. खेकडे धुरा आतून पोखरतात. वरून धुरा शाबूत दिसतो आणि रात्रीतून बांधी रिकामी होते. स्क्रॅचमध्ये मांजर, बगळा अशा पात्रांना स्प्राइट म्हणतात, आणि 'सगळ्या स्प्राइटांसाठी' असा चल, म्हणजे आकडा ठेवायचा डबा, ठेवता येतो. त्यातला आकडा कुणीही, कुठूनही बदलू शकतो. गुणांसारख्या सगळ्यांच्या सामाईक गोष्टीला तो हवाच. पण सोय म्हणून प्रत्येक आकडा तसाच मोकळा ठेवला की बांधीची लांबी उडता बगळा बदलून जातो आणि कुठून बदलली ते कळत नाही. गुलाबी ठोकळ्याला जे लागतं ते त्याच्या हातात द्यावं. त्यानं इकडून तिकडून उचलून आणावं अशी वेळ आणू नये.

त्याचा सगळ्यात सुंदर गुण म्हणजे जसा आला तसा परत जाणं. 'बांधी काढ' संपतो तेव्हा मांजराचं तोंड सुरुवातीला होतं त्याच दिशेला असतं, कारण चार काटकोन मिळून पूर्ण फेरी होते. पेन उचललेलं असतं. पुढच्याला आवरायला काही उरत नाही. हा गुण त्याचा उपजत नाही, तो आपण त्याला लावायचा असतो. ज्यानं पेन टेकवलं त्यानंच ते उचलायचं. तलावाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मूलच्या या झाडीपट्टीत गावोगाव जुन्या मालगुजारांच्या काळातले जे माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांचं पाणी पाटानं बांध्यांकडे येतं. आपली बांधी भरली की आपली वाट बंद करायची, नाहीतर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही.

'संदेश पाठवा' हा पिवळा ठोकळा त्याचा शेजारी. दोघांचा स्वभाव अगदी निराळा. पिवळा दवंडी देतो. ती सगळ्या गावाला ऐकू जाते, ज्याला करायचं असेल तो करतो. बगळे उडाले पाहिजेत, बायकांची ओळ सरकली पाहिजे, पाऊस थांबला पाहिजे, तेव्हा दवंडीच हवी. पण घरातल्या घरात पाणी मागायला कुणी दवंडी देत नाही. तिथे गुलाबी ठोकळा. त्याला हाक मारली की तो काम पुरं करतो आणि मगच पुढची सूचना चालू होते. बरीच मुलं प्रत्येक गोष्टीसाठी संदेश पाठवतात आणि मग कुणी कुणाचं ऐकून काय केलं याचा माग लागत नाही.

गुलाबी ठोकळ्याचं घराणं मोठं आहे. १९४९ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक चालू झाला. वारंवार लागणारी कामं दर वेळी नव्यानं मांडू नयेत म्हणून ती छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर एकदाच उतरवायची आणि कपाटात जपून ठेवायची रीत तिथे पडली. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत १९६७ साली सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयर्झाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. त्यात 'टू' असं लिहून पुढे एक नवा शब्द लिहायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. मूल लोगोतल्या चित्र काढणाऱ्या कासवाला जणू नवा शब्द शिकवायचं. तिथून हा ठोकळा मुलांच्या घरात आला.

तरी एमआयटीतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटानं मे २००७मध्ये स्क्रॅच जगापुढे ठेवलं तेव्हा त्यात हा नव्हता. नवशिक्याला पायरी उंच वाटू नये हा त्या गटाचा ध्यास होता. येन्स म्योनिग आणि ब्रायन हार्वे यांनी स्क्रॅचला जोड देऊन 'बिल्ड युवर ओन ब्लॉक्स' केलं, पुढे त्याचंच 'स्नॅप' झालं, आणि तिथे ठोकळे बनवायची मुभा मिळाली. खुद्द स्क्रॅचमध्ये तो २०१३ साली दुसऱ्या आवृत्तीत आला. तेव्हा त्याचा रंग जांभळा होता आणि घराचं नाव 'मोअर ब्लॉक्स', म्हणजे आणखी ठोकळे. जानेवारी २०१९मध्ये तिसरी आवृत्ती आली, तो गुलाबी झाला आणि घर 'माय ब्लॉक्स' झालं. 'आणखी'चं 'माझे' झालं हे मला फार योग्य वाटतं. बाकीचे ठोकळे सगळ्यांचे असतात. हा ज्यानं बनवला त्याचा.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ज्या स्प्राइटनं त्याला बनवलं त्याच्याच घरी तो राहतो. मांजरानं बनवलेला ठोकळा बगळ्याच्या हाकेला येत नाही. तो काम करतो पण उत्तर परत आणत नाही. बेरीज करायला पाठवलं तर ती एखाद्या चलात ठेवून यावं लागतं. आणि तो प्रत्येक ठिकाणी हवाच असं नाही. दोन ठोकळ्यांच्या कामाला तिसरा बनवला तर वाचणाऱ्याला उगीच हेलपाटा पडतो. माझा नेम असा, की आधी सरळ लिहावं. तेच काम तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली, किंवा मनोरा एका नजरेत मावेना, की धुरा घालावा. पाणी कुठे साचतं ते दिसल्याशिवाय धुऱ्याची जागा कळत नाही.

बनवला की त्याला एकट्यानं तपासावं. स्क्रॅचमध्ये सुट्या ठेवलेल्या कोणत्याही ठोकळ्यावर टिचकी मारली की तेवढाच चालतो. सगळं जुळवून शेवटी झेंडा दाबण्यापेक्षा एकेक बांधी भरून पाहावी, कुठे पाझरते ते तिथेच कळतं. त्याला बनवताना 'पडदा ताजा न करता चालव' अशी एक चौकट दिसते. तिथे खूण केली की बाराही बांध्या क्षणात उमटतात. काम बिनचूक होईपर्यंत ती खूण करू नये. मांजर रेघ कशी ओढतं ते डोळ्यांनी पाहण्यात नवशिक्याचं निम्मं शिक्षण आहे. आणि शेजारी पिवळी चिठ्ठी लावता येते, तिच्यावर 'का' लिहावं. काय केलं ते ठोकळे सांगतातच.

त्याची निष्ठा पाहायची असेल तर त्याला काढून टाकायचा प्रयत्न करावा. एका जरी मनोऱ्यात त्याला हाक मारलेली असेल तर तो जात नाही. आधी सगळ्या ठिकाणचा त्याचा वापर काढा, असं स्क्रॅच बजावतं. कुणी विसंबून असताना तो पाय उचलत नाही.

पुढच्या वेळी मूलला गेलो तेव्हा कापणी सुरू झाली होती. भाची शाळेत होती. लॅपटॉप उघडून मी तिचं काम पाहिलं. समजावून सांगायला कुणी नव्हतं आणि कुणी लागलंही नाही. हिरव्या झेंड्याखाली एकेक ओळ होती, 'सगळं पूस', 'तलाव काढ', 'बांध्या काढ', 'पाणी सोड', 'रोवणी कर', 'कापणी कर'. गावातलं कुणीही वाचलं असतं तरी कळलं असतं. 'बांध्या काढ' उघडला तर आत तो जुलैतला 'बांधी काढ', बारा वेळा. दुसऱ्यासाठी लिहिणं याहून वेगळं काय असतं? आणि तो दुसरा बऱ्याचदा आपणच असतो, चार महिन्यांनंतरचे, सगळं विसरून गेलेले.

मी झेंडा दाबला. तलाव आला, बांध्या उमटल्या, निळं पाणी पसरलं, हिरवी रोपं ओळीनं उभी राहिली. मग चित्र थांबलं. कुठे काही बिघडलं नव्हतं. 'कापणी कर' उघडून पाहिला. गुलाबी ठोकळा रिकाम्या जागेत उभा होता आणि त्याच्या पायाखाली काहीच नव्हतं. शेजारी पिवळी चिठ्ठी होती, 'धान पिवळं कसं करायचं ते अजून ठरलं नाही'. जे येत नाही त्यालाही तिनं नाव देऊन ठेवलं होतं आणि बाकीचं काम पुढे नेलं होतं. मी काहीही न बदलता फाइल बंद केली. बाहेर बांध्या कोरड्या झाल्या होत्या आणि धुऱ्यांच्या मध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या होत्या.